कंट्रोलचा भात

तांदूळ धुवायला घेतले आणि पातेल्यातल्या पाण्यावर काही दाणे तरंगत राहिले. योगिनीने ते बोटाने दाबले. बुडाले, बोट उचलताच पुन्हा वर आले, काही न झाल्यासारखे. तिने पाणी ओतून दुसरे घेतले, तरी तेच. एक दाणा तळव्यावर घेऊन ती खिडकीपाशी गेली. रंगाने इतरांपेक्षा किंचित पांढरा, खडूसारखा. आकार तांदळाचाच, पण जरा जास्तच तांदळासारखा, जसा कुणी तांदूळ समोर न ठेवता आठवणीने काढावा. नखाखाली दाबला तर तो तुटला नाही, त्याचा भुगा झाला. भुग्याला वास नव्हता. प्लास्टिक असेल का, हा पहिला विचार. प्लास्टिकचा भुगा होत नाही, हा दुसरा. तिसरा विचार यायला मात्र थोडा वेळ लागला, कारण तो दाण्याबद्दल नव्हता, पातेल्याबद्दल होता. खाली बसलेला सगळाच तांदूळ जाडा होता, आखूड, तुकड्यांनी भरलेला, मधूनच एखादा पिवळट. आईच्या घरात, आईच्या डब्यातून, तिने स्वतःच्या हाताने काढलेला. आई गेली हे गेल्या काही दिवसांत अनेकांनी अनेक प्रकारे सांगितले होते आणि ते तिला समजलेही होते. हा डबा मात्र समजेना.

इंद्रपुरीतले हे घर वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून बांधलेले. वडील, नीळकंठराव, नागपूरहून इथे, या हिंदी मुलखात, कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. आता तेरावा उरकून पाहुणे पांगले होते, धाकटा अभिजीत बंगळूरला परतला होता, आणि घर आवरायचे म्हणून योगिनी मागे राहिली होती. पुण्यात ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती. वस्तू उचलायची, कुठल्या वर्गातली ते ठरवायचे आणि जागी ठेवायची हे काम तिला चांगले येत होते, म्हणूनच बहुधा अभिजीतने ते तिच्यावर सोडले. इतके दिवस शेजारपाजारचे डबे येत होते, ते थांबले. आज पहिल्यांदा तिने गॅस पेटवला होता. भात, वर वरण, एवढाच बेत. तिने तरंगणारे दाणे चमच्याने काढून मोरीत टाकले आणि पातेले तसेच ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. डब्याच्या आत डोकावून पाहिले. शेजारी दुसरा डबा होता, पितळी, कडीचा. त्यातला तांदूळ तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिने झाकण उघडले. रिकामा. तळाशी कडुनिंबाची चार वाळकी पाने आणि तो जुना, गोडसर वास.

चिन्नोर. कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये वर्षातून एकदा मामाकडून बारीक, सुवासिक चिन्नोर तांदळाचे पोते यायचे तेव्हा घरात सणासारखे वाटे. सकाळचा भोंगा होऊन वडील सायकलवर निघाले की आई अंगणात चटई टाकून निवडायला बसे. मूठभर तांदूळ नाकाशी धरून ती सांगे, हा यंदाचाच आहे, गिचका होईल; किंवा, याने दोन पावसाळे पाहिलेत. माणसांबद्दल ती फारशी अचूक नव्हती, तांदळाबद्दल कधी चुकली नाही. त्या काळी घरी रेशनकार्ड होते. साखर आणि रॉकेल आणायचे. तांदूळ तर इथल्या भाषेत ‘कंट्रोलचा’, तो उचलून भांडी घासणाऱ्या बाईला परस्पर देऊन टाकायचा, घरात आणायचाच नाही. एकदा योगिनी शाळेतल्या मैत्रिणीकडे जेवून आली आणि भात छान होता म्हणाली. आईने विचारले, कसला होता. जाडा होता, मोकळा होता. आई हसली होती. कंट्रोलच्या तांदळाला कावळासुद्धा शिवत नाही गं, असे ती म्हणाली होती. त्या वाक्यातला तोरा योगिनीला तेव्हा आवडला होता. आपण कावळ्यापेक्षा वरचे आहोत हे ऐकून पोरीला बरेच वाटणार.

कावळ्यावरून तिला दहावा आठवला. नर्मदेच्या घाटावर पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकले. कावळे होते, भरपूर होते. कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. अभिजीत हात जोडून बोलू लागला. घर विकणार नाही, आई. ताईशी नीट वागेन. तुझ्या नातवाची, अमेयची, मुंज वेळेत करू. एकेक वाक्यानंतर सगळ्यांच्या माना कठड्याकडे वळत. योगिनीचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसणाऱ्यालाही कुतूहल असतेच, आणि तिचे तर जास्तच. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते की आईचे काय राहिले असेल. ती मनाशी यादी करू लागली आणि तिच्या ध्यानात आले की गेल्या काही वर्षांतल्या आईची एकही इच्छा आपल्याला सांगता येत नाही. जुन्या आईच्या येत होत्या: काशी, मोत्याची कुडी, मुलीचा संसार. या नव्या, एकटीने राहणाऱ्या आईच्या नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि वेळ निभावून नेली. परतताना गाडीत अभिजीत पुटपुटला, “एवढा उत्तम चिन्नोर आणला होता पिंडाला.” जणू कावळ्याने प्रतीची तक्रार केली होती.

तिने वाटीभर तांदूळ कागदात बांधला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली. तिथे आईचे खाते होते हे तिला माहीत होते. दुकानदाराने पुडी उघडली, बोटाने दाणे पसरले आणि हसला. “अरे दीदी, ये तो कंट्रोल का है.” “हे आईच्या डब्यात होतं,” ती म्हणाली. इथे आल्यावर तिच्या तोंडी आपोआप मराठी येई आणि समोरच्याला ती आपोआप समजे. “हाँ तो, आंटीजी यही खाती थीं ना. सबको बोलती थीं. शुगर है, मोटा चावल माफिक आता है.” “आणि चिन्नोर?” “वो तो हर महीने हमारे यहाँ से ले जाती थीं. मेहमानों के वास्ते.” त्याने आदराने पुडी पुन्हा बांधून दिली. “मेहमान बहुत आते होंगे आपके यहाँ.”

ती परत आली ती रस्ता, गुलमोहर काहीच न बघता. आईला मधुमेह नव्हता. दिवाळीत योगिनीनेच सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, तुमच्यापेक्षा तुमच्या आईचे रिपोर्ट चांगले आहेत. आणि या घरी पाहुणे येत नव्हते. फोनवर आईची हीच तर कुरकुर असे, की माणूस फिरकत नाही गं. म्हणजे आई दोन खोटे बोलली होती, तेही दुकानात, साऱ्या गल्लीत, मोठ्याने. खोटे बोलणे आईला जमतच नसे, कारण त्यासाठी पोटात काहीतरी राहावे लागते, आणि आईच्या पोटात तीळ भिजत नसे. योगिनीचा घटस्फोट झाला तेव्हा कागदावरची शाई वाळण्याआधी तो बरखेड्याच्या चार सेक्टरांत पोहोचला होता. तिने दार उघडताच दूधवाल्याने ‘बेटा, हिम्मत रखो’ म्हटले होते. त्या सकाळचा संताप अजून तिच्या कानशिलात कुठेतरी होता. आता त्याच बाईने चिन्नोर घ्यायचा आणि जाडा खायचा, हे कशासाठी? कुणाला तरी द्यायचा होता, तर देऊन टाकायचा, सांगायचे. वडिलांच्या नावाने दर अमावास्येला शिधा काढायची पद्धत होतीच घरात. पण शिधा देणारा आपण उपाशी राहत नाही, आणि नावडते तर मुळीच खात नाही. योगिनीला वाटले, आपण एखादे पुस्तक चुकीच्या कपाटात सापडल्यासारखे वागतो आहोत. ते उचलून योग्य जागी ठेवले की झाले. मग वाटले, कदाचित कपाटच बदलले असेल. तिने भात शिजवला नाही. पोळीचा तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि पातेले तसेच ओट्यावर राहिले.

दुपार कलत असताना बेल वाजली. दारात एक बाई उभी होती, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, अंगाने बारीक, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. काखेत कापडी पिशवी, डाव्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली.

“काकू हाय का?”

 इतके दिवस जे आले ते ठाऊक असूनच आले होते. कुणाला पहिल्यांदा सांगायची पाळी तिच्यावर आली नव्हती. “तुम्ही कोण?”

“मी सोनाली. मागच्या गल्लीत फॉल-पिको करते. पांढुर्ण्याले गेली होती, आईचा पाय मोडला, तिकडंच अटकली. आज उतरली त आधी कंट्रोलवरच गेली. म्हनलं महिना सरते, मंग भेटत नाई.” तिने योगिनीकडे नीट पाहिले. “तुमी योगिनीताई ना? फोटोत पायलं. काकू झोपल्या काय?”

“आई गेली,” योगिनी म्हणाली. “बारा तारखेला. झोपेतच.”

सोनालीने पिशवी हळूच उंबऱ्यात ठेवली, जशी ती फुटेल. मग स्वतःही तिथेच बसली. रडली नाही. पदराच्या टोकाने ओठ पुसले आणि विचारले, “जेवून गेल्या काय?”

“काय?”

“त्या दिवशी. जेवल्या होत्या?”

“हो. रात्री जेवून झोपली होती.”

“मंग बरं,” सोनाली म्हणाली.

इतक्या लोकांनी इतके विचारले होते. आजारी होत्या का, तुम्ही पोहोचलात का, शेवटी काही बोलल्या का. हे कुणीच विचारले नव्हते. योगिनीने तिला आत घेतले, पाणी दिले. सोनाली सरळ स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून, जिथे बसायची तिची सवय असावी. पिशवीच्या तोंडाशी तांदूळ दिसत होता. जाडा, आखूड, आणि मधूनमधून ते खडूसारखे दाणे.

“हा तांदूळ तुम्ही देत होता आईला?”

“देत नव्हती. अदलाबदल होती आमची. मी कंट्रोलचा आनायची, काकू माझ्यासाठी चिन्नोर ठेवत. मोठा हिस्सा मी काकूलेच द्यायची, जबरदस्तीनं. म्हनायची, तुमचा तांदूळ भारी, त माझा जास्ती पायजे. फुकटचा नाई घेत मी.” ती थांबली. “काकूनं माझं सांगतलंच असंल तुमाले.”

“नाही.”

“काईच नाई?”

“तुमचं नावही नाही.”

सोनाली तिच्याकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर अविश्वास होता आणि त्याखाली हळूहळू दुसरेच काहीतरी पसरत होते, जसे ओल्या भिंतीवर पसरते. “अन् मी समजे सारं सांगत असतील,” ती म्हणाली. “मी लाजे ना, तुमचा फोन आला की. उठून अंगनात जाये. म्हनलं, पोरीले आता सांगतील, ते आलीये म्हनून.” मग तिने बोटावरची चिंधी उगाच घट्ट केली. “मले एचआयव्ही हाय, ताई. नवऱ्यापासून. तो गेला. मी गोळ्या खाते, चांगली हाय. रिपोर्ट बी चांगले हाय.”

योगिनीने मान हलवली, जशी माहिती असलेल्या माणसाने हलवायची असते. गोळ्या नियमित घेतल्या तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, जेवणाखाण्यातून, स्पर्शातून काही होत नाही, हे तिला ठाऊक होते. त्या विषयावरची भित्तिपत्रके तिनेच वाचनालयाबाहेर लावली होती. त्या क्षणी तिच्या मनात मात्र सोनाली नव्हतीच. आईच्या पोटात एक गोष्ट राहिली होती, एवढेच होते. वर्षानुवर्षे राहिली होती. माझी राहिली नाही, हिची राहिली. हा मत्सर आहे का, असे तिने स्वतःला विचारले, आणि हो, थोडा आहे, असे उत्तर आले, आणि त्या उत्तराचे तिला नवल वाटले.

“हे कंट्रोलचं धान्य या बिमारीवरच भेटते मले,” सोनाली सांगत होती. “गोळ्यांच्या सेंटरवर मॅडम हाय एक, तिनं पर्ची करून देली. म्हने, गोळ्या चालल्यात त पोटात नीट अन्न पायजे, आमच्यावाल्यांसाठी सरकारनं सोय केली, लाजू नको. पन मी इथल्या कंट्रोलवर नाई जात. पार बरखेड्याच्या पलीकडं जाते, कोनत्याई दुकानात अंगठा चालते ना. मंग पहिल्या महिन्यात तांदूळ धुतले, त हे दाने वर आले. मी त घाबरलीच. मले वाटलं दवाई हाय.”

“कसली दवाई?”

“आमच्या बिमारीची. सरकारनं मिसळून देली. गोळी कोनी चुकवली त भातातून तरी पोटात जाईल.” ती स्वतःशीच हसली. “हसू नका. मशीनवर अंगठा लावला की तो मानूस आत जाऊन पोतं उघडे. मी म्हनलं, मशीन सांगत असंल त्याले, ही त्याच्यातली, हिले त्या पोत्यातला दे. मंग काय, घरमालकीन आली की मी पातेलं झाकून टाको. भात शिजवला की खिडकी बंद. दाने यकेक करून काढो, कागदात बांधून नाल्यात टाको. दवाई फेकली म्हनून भेव, ठेवली त कोनी पायलं म्हनून भेव. शेवटी तांदूळच खानं सोडलं. उचलायची अन् डब्यात भरून ठेवायची. नुसत्या पोळीवर.”

योगिनी त्या दाण्यांकडे बघत होती. बंद खिडकीआड एक बाई सरकारने पाठवलेली खूण वेचून काढते आहे, एकेक दाणा, जसे आई अंगणात खडे वेचायची. शेवटी भाताचे पातेलेच चुलीवर चढत नाही.

“अन् काकू यक दिवस साडी न्यायला आल्या. तांदळाले कीड लागली म्हनून मी धूत होती, झटकन झाकन ठेवलं. आता काकूच्या समोर झाकन ठेवलं, म्हनजे…”

“काढलं असेल तिने.”

“काढलं! ‘काय गं लपवतेस, मटण आहे का?’ म्हने.” सोनालीने आईचा स्वर इतका नेमका काढला की योगिनीच्या हाताला काटा आला. “मी रडली. सारं सांगून टाकलं.  काकूनं यक दाना उचलला, वास घेतला. म्हने, ‘दवाई आहे का ते मला नाही समजत. तांदूळ मात्र भलताच वाईट आहे.’ मंग म्हने, ‘मी माझ्या मुलीला विचारते. तिला सगळं माहीत असतं.’”

“मला?”

“तुमीच त सांगतलं ना फोनवर.”

आणि तेव्हा तो फोन आठवला, कॉलेजच्या लांब व्हरांड्यातला, फिनाइलच्या वासासकट. तपासणी समिती यायची होती, हातात फायली होत्या, फोन खांद्याने कानाशी धरलेला. अगं, तांदळाचे काही दाणे पाण्यावर तरंगतात, ते काय असतं? आई, आत्ता? सांग ना, तुझ्या त्या फोनमध्ये बघून सांग, महत्त्वाचं आहे. तिने जिन्यावर उभे राहून शोधले होते आणि घाईघाईने वाचून दाखवले होते: तांदळाचे पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा घालतात, आणि त्याला पुन्हा तांदळाचा आकार देतात, साधारण शंभर दाण्यांत एक मिसळतात, रेशनवर सगळ्यांनाच देतात. ‘सगळ्यांनाच?’ आईने विचारले होते. ‘नक्की सगळ्यांनाच ना गं? कुणा आजाऱ्यांनाच असं नाही?’ ‘सगळ्यांनाच, आई. रक्त वाढावं म्हणून. खा बिनधास्त. ठेवू का?’ आईला रेशनचा तांदूळ कुठून मिळाला, हे तिने विचारले नव्हते. संध्याकाळपर्यंत ती सगळे विसरली होती. इतके विसरली की आज सकाळी तोच दाणा नखाने फोडून पाहिला आणि काही आठवले नाही. आपण सांगितलेली गोष्ट आपल्याला सोडून इतकी दूर जाते, मागच्या गल्लीत जाऊन राहते, कुणाच्या तरी चुलीवर शिजते.

“पन सांगून काय होते, ताई,” सोनाली म्हणत होती. “मी म्हनलं, तुमची पोरगी पुन्याची, तिले इथलं काय माईत. त काकू म्हने, ‘बरं, मग मी खाऊन दाखवते.’ अन् दर महिन्याला, तांदूळ आला की त्या दिवशी आमी दोघी इथं बसून जेवायच्या. कंट्रोलचाच भात. मंग काकूनं साऱ्या गल्लीत उठवून देलं, शुगर हाय, जाडाच खाते म्हनून. घरमालकीन यक दिवस मले म्हने, ये कैसे दाने हैं री? मी म्हनलं, अगली गली की आंटी भी यही खाती हैं, जाके पूछ. तिचं तोंडच बंद.”

“दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही,” योगिनी एकदम म्हणाली. का सांगितले ते तिलाच कळले नाही. “चिन्नोरचं पिंड होतं.”

“नाईच शिवनार. काकू उरलेला भात गच्चीवर कावळ्यालेच टाकत. सवय लागली त्याले कंट्रोलची.”

“अहो, ते नर्मदेवरचे कावळे.”

“मंग काय झालं? कावळ्या-कावळ्यात बोलनं होत असंल.”

योगिनी हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि घशातून वेगळाच, घोगरा आवाज आला. सोनालीही हसली, आणि मग हसू ओसरल्यावर तिने पिशवी योगिनीकडे सरकवली.

“हा साराच ठेवून घ्या. काकूच्या नावानं कोनाले द्या. मी आता नाई उचलनार.”

“म्हणजे?”

“हा शेवटचा. काकू होत्या त मी म्हनू शकत होती, आंटी बी खाते. आता कोनाचं नाव सांगू? घरमालकीन पुन्हा विचारन. खोली सोडायची पाळी आली होती यकदा, मागच्या मोहल्ल्यात, कोनीतरी सेंटरवर पायलं होतं मले. पुन्हा नाई ती गंमत.”

“पण तुम्हाला लागतो तो. गोळ्यांबरोबर. आणि न उचलला तर नाव कापतील ना?”

“कापू द्या. पोळीवर राहिली होती, राहीन.”

ते तिने अगदी सहज म्हटले. सगळी उत्तरे योगिनीजवळ होती. हा हक्काचा तांदूळ आहे, हे दाणे देशभर सगळ्यांच्या ताटात जातात, कायदा आहे, घरमालकिणीला विचारायचा अधिकार नाही. हीच उत्तरे तिने जिन्यावरून एकदा दिली होती, आणि ती पुरली नव्हती. त्यांच्या जोडीला कुणाला तरी समोर बसून जेवावे लागले होते. तिने ओट्यावरचे पातेले पाहिले. सकाळचे तांदूळ पाण्यात फुगून मऊ झाले होते. तिने ते बाजूला ठेवले, दुसरे पातेले घेतले आणि सोनालीच्या पिशवीतून तांदूळ काढले.

“काय करता?”

“आज तांदूळ आलाय ना.”

पाणी ओतताच दाणे वर आले. सवयीने तिने चमचा उचलला, तशी सोनाली उठून शेजारी आली. “राहू द्या. तेच त हाय त्याच्यात,” ती म्हणाली, आणि चिंधीच्या बोटाने तिने ते दाणे पाण्यात ढवळून टाकले. वरण योगिनीने केले, सोनालीने जिऱ्याची फोडणी दिली. कुठल्या फडताळात काय आहे हे तिला योगिनीपेक्षा चांगले माहीत होते. भात होईतो योगिनी म्हणाली, “यातला अर्धा मी पुण्याला नेते. आणि पुढेही पाठवा. घरमालकिणीला माझं नाव सांगा. त्या आंटीची मुलगी खाते म्हणावं, पुण्यात, कॉलेजात शिकलेली.”

सोनालीने तिच्याकडे पाहिले. ते पाहणे विश्वासाचे नव्हते, अविश्वासाचेही नव्हते. तांदूळ नाकाशी धरून आई बघायची तसे होते. “बसा,” ती म्हणाली.

तिने ताटे मांडली. वाटीने मूद पाडायला गेली तर मोकळा भात ढासळला, म्हणून तिने हातानेच भात घेतला आणि योगिनीच्या ताटात वाढला, वर वरण, मग ताटाच्या कडेला लागलेली शिते बोटाने आत लोटली. त्या बोटाची चिंधी वाफेने ओलसर झाली होती आणि तिच्या टोकाला, सुई टोचल्याच्या जागी, तपकिरी ठिपका होता. जुना, वाळलेला. योगिनीने तो पाहिला. तिला सगळे माहीत होते. वाळलेल्या रक्ताने, भाताने, बोटाने काही होत नाही, हे तिला जसे आपले नाव माहीत होते तसे माहीत होते. आणि तरी तिचा हात ताटावर येऊन थांबला. फार नाही, एखाद्याला कळू नये इतकाच. त्या थांबण्यात तिने आपल्याच हाताकडे नवलाने पाहिले, जसा तो कुणा दुसऱ्याचा आहे आणि त्याने काहीही वाचलेले नाही. मग तिने भात कालवला आणि घास घेतला. जाडा होता, मोकळा होता. मैत्रिणीकडे होता तसा.

समोर सोनाली जेवत नव्हती. तिने ते पाहिले होते. असे थांबलेले हात तिने आयुष्यात इतके पाहिले असतील की इतका लहानसाही तिच्या नजरेतून सुटणार नव्हता. 

“काकूले याच्याहून लय वेळ लागला होता,” सोनाली म्हणाली. “पहिल्या दिवशी ताटावर बसल्या अन् मधातच उठल्या. म्हने, दूध उतू चाललं. गॅसवर दूधच नव्हतं.”

योगिनीला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले, आणि घास आत जाईना, बाहेर येईना. आई ओट्यापाशी उभी आहे, थंड गॅसकडे तोंड करून, पाठीमागे ही बाई ताटावर वाट बघते आहे. किती वेळ? त्या वेळात आईच्या मनात काय होते? हे आता कधीच कळणार नव्हते. आणि मग आई वळली होती. एवढे मात्र कळत होते. वळून परत येऊन बसली होती.

“मग उचलणार ना पुढच्या महिन्याचं?” तिने भरल्या तोंडाने विचारले.

“बोलू नका. आधी गिळा.”

योगिनीने गिळला. मग दुसरा घेतला. सोनालीने तो जाईपर्यंत पाहिले, आणि आपला भात कालवायला घेतला.  जेवण झाल्यावर सोनालीने ताटे विसळली, हात पुसले, पिशवी पुढे ओढली आणि पितळी डबा मागितला. अंदाजाने, न मोजता, ती एक ओंजळ डब्यात टाकत होती आणि एक पिशवीत राहू देत होती, चिन्नोरच्या त्या जुन्या वासावर जाडा तांदूळ पडताना सरसर आवाज येत होता. अर्ध्यावर तिने हात थांबवला, डब्यात डोकावली, आणि डब्यातली शेवटची ओंजळ उचलून पुन्हा आपल्या पिशवीत घातली. मोठा हिस्सा या वेळी तिने स्वतःकडे ठेवला.

“तुमचं पोट लहान हाय,” ती म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारली.